कुत्र्याची खाज हटत नसेल तर तपास कोणत्या क्रमाने करावा

आमचा शेरू जुळे सोलापुरातल्या एका बांधकामावर सापडलेला गावठी कुत्रा आहे. दोन वर्षांचा असताना पावसाळ्यात तो पंजे चाटू लागला, दिवाळीपर्यंत त्याच्या पोटावरचे केस गेले आणि रात्री खाजवताना मागचा पाय फरशीवर आपटल्याचा आवाज घरभर ऐकू येऊ लागला. दर पंधरा दिवसांनी त्याला एक इंजेक्शन दिले जात होते. दहा दिवस खाज थांबायची आणि नंतर पुन्हा सुरू व्हायची. त्या इंजेक्शनात स्टेरॉइड असल्याचे आम्हाला सांगण्यात आले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. असे एक वर्ष गेले. ज्यांच्या घरी सध्या हेच चालू आहे त्यांचे ते वर्ष वाचावे, म्हणून आम्हाला उशिरा कळलेला क्रम येथे मांडत आहे.

खाज हे लक्षण आहे, आजार नव्हे. त्यातही एकाच कुत्र्याला पिसवा, त्वचेचा संसर्ग आणि ॲलर्जी असे तीन त्रास एकाच वेळी असू शकतात व त्यांची खाज एकमेकांत मिसळते. म्हणूनच सोपी, तपासता येण्यासारखी कारणे आधी दूर करत जावे आणि उरलेल्या खाजेचा विचार शेवटी करावा. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने गुण आला हे कधीच समजत नाही.

पहिले काम वहीचे. कुत्रा नेमके कुठे खाजवतो, हे पशुवैद्यकाला फार काही सांगून जाते. शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवर खाज असेल तर पिसवांचा संशय घ्यावा. कानाच्या कडा, पुढच्या पायांची कोपरे आणि पोट येथे तीव्र खाज व खपल्या असतील, तर खरजेचा. पंजे, तोंडाभोवतीचा भाग, कान, काखा आणि जांघा येथे त्रास असेल तर ॲलर्जीची शक्यता वाढते. खाज बारा महिने असते की ठरावीक ऋतूत, केस आधी गेले की खाज आधी सुरू झाली, घरात आणखी कोणाला खाज येते का, याही नोंदी ठेवाव्यात. आम्ही रोज रात्री खाजेच्या तीव्रतेचा शून्य ते दहा असा आकडा लिहीत होतो, आणि पुढे तोच आकडा सर्वाधिक उपयोगी पडला.

यानंतर परजीवी. कुत्र्याच्या अंगावर पिसू दिसली नाही म्हणजे ती नाही, असे समजू नये. कुत्रा चाटून पिसवा गिळतो, आणि ज्याला पिसवेच्या लाळेची ॲलर्जी आहे त्याला मोजके चावेही पुरतात. पिसवेची अंडी अंगावरून गळून अंथरुणात, सतरंजीत आणि कोपऱ्यांत पडतात. आपल्याकडे जुनी सोलापुरी चादर कुत्र्याला अंथरण्याची पद्धत आहे. तिची वीण जाड असल्याने अंडी व अळ्या तिच्यात सहज लपून राहतात. ती चादर दर आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावी. पिसवांच्या कोषांवर फवारणीचा फारसा परिणाम होत नाही व ते अनेक महिने टिकू शकतात, म्हणून घरातल्या सर्व कुत्र्या-मांजरांवर किमान तीन महिने सलग उपचार करावा लागतो. मात्र परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेले कुत्र्याचे औषध मांजराला लावू नये. ते तिच्या जिवावर बेतते.

गोचिडांचे गणित वेगळे आहे. तपकिरी गोचीड सोलापूरच्या उन्हाळ्यातही तग धरते, भिंतींच्या भेगांत राहते आणि एक मादी हजारो अंडी घालते. कुत्र्याला औषध देऊन भेगा तशाच ठेवल्या तर महिन्याभरात तीच अवस्था येते. गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी, बोटांनी चिरडू नये. गोचिडांनंतर ताप, अन्नावरची वासना जाणे, हिरड्या पांढऱ्या पडणे किंवा नाकातून रक्त येणे यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी.

खरजेसाठी त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तरीही किडा प्रत्येक वेळी सापडतोच असे नाही, त्यामुळे लक्षणे जुळत असतील तर डॉक्टर उपचार करून पाहतात. ही खरूज माणसालाही तात्पुरती लागते. मनगटावर आणि पोटावर पुरळ उठले तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. याच टप्प्यावर घराघरांत गाडीचे जळके ऑइल, फिनेल, किंवा गोठ्यातले गोचिडांचे औषध अंदाजाने पाण्यात घालून लावण्याचा मोह होतो. कुत्रा अंग चाटतो, हे विसरू नये. या तिन्हींमुळे विषबाधा होऊ शकते. गुरांसाठीचे आयव्हरमेक्टिन या परजीवीनाशकाचे इंजेक्शनही स्वतःच्या मनाने देऊ नये. कॉलीसारख्या काही जातींना ते झेपत नाही.

परजीवी आटोक्यात आल्यावर संसर्गाकडे वळावे. सतत खाजवल्याने त्वचेवर जिवाणू आणि यीस्ट (एक प्रकारची बुरशी) वाढतात आणि मूळ कारण गेले तरी खाज चालूच राहते. पुळ्या, किंवा कडेला कोंडा सुटणारी गोल वर्तुळे हे जिवाणूंचे लक्षण आहे; पुष्कळ लोक त्याला गजकर्ण समजून माणसाचे मलम लावतात. तेलकट, आंबूस वास आणि काळी पडलेली जाड त्वचा यीस्टकडे बोट दाखवते. चिकटपट्टी त्वचेवर दाबून केलेली साधी तपासणी थोड्या वेळात उत्तर देते, आणि प्रतिजैविक सुरू करण्याआधी ती करून घेण्याचा आग्रह धरावा. औषध खाज थांबली म्हणून मध्येच बंद करू नये.

औषधी शाम्पू बहुतेकांकडून वाया जातो, कारण तो लावताक्षणी धुतला जातो. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शाम्पू अंगावर घड्याळ लावून दहा मिनिटे राहू द्यावा लागतो, आणि सुरुवातीला आठवड्यातून दोनदा ही अंघोळ घालावी लागते. नळाला रोज पाणी येत नाही अशा आपल्या शहरात हे अवघड आहे, याची मला कल्पना आहे. आम्ही पाण्याच्या दिवसाशी एक अंघोळ जोडली आणि दुसरीसाठी दोन बादल्या राखून ठेवल्या. बोअरच्या जड पाण्याने शाम्पू नीट निघत नाही. शेवटच्या दोन तांब्यांसाठी तरी नळाचे पाणी वापरावे. माणसांचा साबण किंवा डेटॉल वापरू नये.

येथवर येऊनही खाज उरली, तर आहाराची परीक्षा घ्यावी. ती किमान आठ आठवडे चालते आणि संपूर्ण कुटुंबाची शिस्त पाहते. कुत्र्याने पूर्वी कधीही न खाल्लेले एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ निवडावा. चिकन-भाकरीवर वाढलेल्या शेरूसाठी आम्ही मासा आणि रताळे घेतले, अर्थात डॉक्टरांना विचारून. या काळात दुधाचा थेंब, बिस्किटाचा तुकडा किंवा आजीच्या ताटातली कडक भाकरीसुद्धा चालत नाही. मांसाची चव असलेल्या गोळ्यांचाही विचार करावा लागतो. आमची पहिली परीक्षा शेजारच्या मुलांनी प्रेमाने दिलेल्या टोस्टमुळे सहाव्या आठवड्यात मोडली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागली. खाज कमी झाली तर जुना आहार परत देऊन पाहावा. खाज उलटली तरच अन्नाची ॲलर्जी सिद्ध होते.

शेरूच्या बाबतीत ती सिद्ध झाली नाही. उरली ती वातावरणातील घटकांची ॲलर्जी, जी बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होते आणि आयुष्यभर सांभाळावी लागते. तिच्यासाठी आता चांगली औषधे आहेत: ओक्लासिटिनिबच्या गोळ्या, ज्या एक वर्षाखालील कुत्र्याला देत नाहीत, आणि लोकिव्हेटमॅबचे इंजेक्शन, ज्याचा परिणाम साधारण महिनाभर टिकतो. दोन्ही महाग आहेत. स्टेरॉइड स्वस्त पडते आणि तीव्र झटक्यात त्याची गरजही भासते, परंतु कुत्रा जास्त पाणी पिऊ लागला, वारंवार लघवी करू लागला आणि सतत भुकेला राहू लागला तर डॉक्टरांना लगेच कळवावे. आणि बरेच दिवस दिलेले स्टेरॉइड एकदम थांबवू नये.

रोजची काळजी मात्र साधी आहे. पावसानंतर मोकळ्या प्लॉटांवर गाजरगवत माजते. तेथून फिरवून आणणे आम्ही बंद केले. घरी आल्यावर चारही पंजे ओल्या फडक्याने पुसून बोटांमधली जागा कोरडी करतो, आठवड्यातून एकदा कान उघडून वास घेतो, आणि वहीतला आकडा सलग तीन दिवस पाचच्या वर गेला की दवाखान्यात फोन करतो. गेल्या पावसाळ्यात असे दोनदा करावे लागले, आणि दोन्ही वेळा पंज्यांतल्या यीस्टवर केवळ शाम्पूने भागले.