बोटीवर दोन बॅटऱ्या: सेल्फची वेगळी, घरखर्चाची वेगळी

आमची बोट कोकणात धक्क्याला आणि आम्ही कोथरूडला, म्हणजे पंधरा-पंधरा दिवस तिच्याकडे बघायला कोणी नाही. पहिल्या वर्षी एकच बॅटरी होती, तिच्यावरच सेल्फ, दिवे, फ्रिज, गाणी सगळं. एकदा खाडीत नांगर टाकून मस्त जेवलो, फ्रिज चालू ठेवून झोपलो, सकाळी चावी फिरवली तर नुसतं टक टक टक. शेवटी एका मच्छीमार बोटीने ओढून आणलं आणि तिच्या तांडेलाने जे काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून एकच नियम, जे काम माणसाच्या लक्षात राहण्यावर चालतं ते वायरिंगमध्ये ठेवायचं नाही.

आधी हे समजून घ्या की दोन बॅटऱ्या आतून वेगळ्या असतात. सेल्फच्या बॅटरीत पातळ आणि जास्त प्लेटा, दोन-चार सेकंद शेकडो अँपिअर देते आणि लगेच भरून निघते, पण तिला वारंवार पूर्ण उतरवलं तर लवकरच कामातून जाते. घरखर्चाची म्हणजे हाऊस बॅटरी डीप सायकल हवी, प्लेटा जाड, थोडा थोडा करंट तासन् तास. घरी इन्व्हर्टरला असते ती ट्युब्युलर डीप सायकलच आहे पण दीडशे अँपिअर-अवरची (एक अँपिअर तासभर म्हणजे एक अँपिअर-अवर) पन्नास किलोच्या पुढे जाते आणि बोट कलली की अॅसिड सांडायची भीती, म्हणून एजीएम (आतलं अॅसिड काचेच्या चटईत शोषलेलं, सांडत नाही) घ्या नाहीतर लिथियम आयर्न फॉस्फेट.

किती मोठी घ्यायची याचा हिशोब कागदावर करा, दुकानदाराला विचारून नाही. आमचा असा निघाला: फ्रिज ४ अँपिअर पण निम्माच वेळ चालतो, म्हणजे चोवीस तासांचे ४८. जीपीएस आणि फिशफाइंडर मिळून १ अँपिअर, सहा तास, ६. एलईडी दिवे दीड अँपिअर, पाच तास, साडेसात. मोबाईल आणि वायरलेस धरून अजून आठ. म्हणजे दिवसाला साधारण ७० अँपिअर-अवर. लेड-अॅसिड निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणून १५० ची, लिथियम ८० टक्के वापरता येते, म्हणून १०० ची पुरते. सगळ्यात जास्त खातो तो फ्रिज, तो नको असेल तर निम्म्याहून जास्त खर्च वाचतो (आमच्याकडे यावर मतदान झालं, मी हरलो).

आता खरी गंमत, एकाच अल्टरनेटरने, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या डायनॅमोने, दोन्ही कशा भरायच्या. जुना मार्ग म्हणजे १-२-बोथ लिहिलेला गोल स्विच. तो चालतो, पण रात्री बोथवर राहिला की दोन्ही उतरल्या, आणि चालू इंजिनात चुकून ऑफवर गेला की अल्टरनेटरचे डायोड उडतात. त्यापेक्षा व्हीएसआर लावा, म्हणजे व्होल्टेज बघून स्वतः जोडणारा रिले. इंजिन चालू झालं की आधी सेल्फची बॅटरी भरते, व्होल्टेज १३.३ च्या आसपास गेलं की रिले हाऊसला जोडून घेतो, इंजिन बंद होऊन १२.८ पर्यंत खाली आलं की तोडतो. याशिवाय दोन्ही बॅटऱ्यांना एकेक ऑन-ऑफ स्विच आणि मध्ये एक इमर्जन्सी जोडणीचा, जो एरवी बंद. पेट्रोल इंजिन असेल तर इंजिनाजवळचे सगळे रिले-स्विच ठिणगी बाहेर न टाकणारे, इग्निशन प्रोटेक्टेड लिहिलेलेच घ्या.

लिथियम घेतली तर मात्र व्हीएसआर विसरा. लिथियम नुसती पडून असली तरी १३.२-१३.३ दाखवते, म्हणजे रिले सुटतच नाही. वर ती करंट एवढा ओढते की अल्टरनेटर तापतो, आणि तिच्या आतल्या बीएमएसने (बॅटरीला सांभाळणारं सर्किट) मध्येच तोडलं तर डायोड गेलेच. तिथे डीसी-टू-डीसी चार्जर लागतो, जो करंट आवरून मगच बॅटरीला देतो, महाग आहे पण अल्टरनेटरपेक्षा स्वस्त.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच हवा, कारण तो वायरला वाचवतो, फ्रिजला नाही. आणि दोन बॅटऱ्यांमधल्या केबलला दोन्ही टोकांना फ्यूज लावा, तिला दोन्हीकडून करंट येतो हे निम्मे लोक विसरतात, मीही विसरलो होतो. फक्त सेल्फच्या जाड केबलला सहसा फ्यूज नसतो, म्हणून ती आखूड ठेवा आणि कुठे घासणार नाही बघा. बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा) मात्र मेन स्विचच्या आधी, स्वतःचा फ्यूज आणि पाणी चढलं की आपोआप चालू करणारा फ्लोट स्विच लावून सरळ हाऊस बॅटरीवर. सगळं बंद करून पुण्याला निघालात तरी पाणी उपसलं गेलं पाहिजे.

वायरची जाडी जाण्या-येण्याचं अंतर धरून काढा. एखादी वस्तू ५ मीटरवर म्हणजे वायर १० मीटर, तिने १० अँपिअर घेतले तर ४ एमएमच्या (म्हणजे चौरस मिलिमीटर) वायरमध्ये ०.४४ व्होल्ट पडतात, ६ एमएममध्ये ०.२९. बारा व्होल्टात तीन टक्के म्हणजे ०.३६, म्हणून ६. खारी हवा असेल तर कथील चढवलेली तांब्याची तार घ्या, साधी वर्षा-दोन वर्षांत हिरवी पडते.

आणि हे सगळं धक्क्यावर करू नका. आम्ही पुण्यातल्या इलेक्ट्रिकच्या बाजारातून, तापकीर गल्लीतून, लग (वायरच्या टोकाला दाबायची तांब्याची टोपी), श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी), बसबार (अनेक वायरी एकत्र जोडायची पट्टी) आणले आणि पार्किंगमध्ये मरीन प्लायच्या फळीवर रिले, फ्यूज, स्विच सगळं बसवून, प्रत्येक वायरला चिठ्ठी लावून, फळीच्या फळी गाडीत टाकून ताम्हिणी घाट उतरलो. धक्क्यावर एक लग कमी पडला तर दिवस गेला. लग हायड्रॉलिक क्रिम्परनेच दाबा, हातोडीने ठोकलेला गरम होतो.

बसवताना कडं-अंगठी काढा, पान्याला टेप गुंडाळा. पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी, काढताना उलट. दोन्ही निगेटिव्ह एकाच बसबारला. बॅटरी पट्ट्याने आवळा, हवा खेळती ठेवा.

मग मल्टीमीटर. इंजिन बंद, एजीएम पूर्ण भरलेली १२.७ च्या आसपास, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू केल्यावर थोड्या वेळाने रिलेचा टक आवाज आणि दोन्हीवर जवळपास सारखं व्होल्टेज. सेल्फ मारताना बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि सेल्फचा पॉझिटिव्ह यांच्यामध्ये मीटर धरा, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवत असेल तर कुठेतरी लग ढिला आहे.

बोटीच्या छतावर १०० वॅटचं सोलर पॅनल चार्ज कंट्रोलरमधून हाऊसला दिलंय, स्वच्छ उन्हात दिवसाला २५ अँपिअर-अवर देतं, दोन आठवडे बंद बोटीला भरपूर झालं. पावसाळ्यात बोट वर ओढली की बॅटऱ्या पुण्याला येतात. एजीएम पूर्ण भरून ठेवायची आणि महिन्याने बघायची, लिथियम निम्मी ठेवायची. यंदा आमची गॅलरीत कुंड्यांच्या मागे आहे, टर्मिनलला झाकण लावून, कारण आई झाडांना पाणी पाइपनेच घालते.