मुलांच्या बातमीपत्रात काम करू इच्छिणाऱ्यांसाठी

मुलांच्या बातमीपत्रासाठी मी लिहिलेली पहिली स्क्रिप्ट भूकंपाची होती आणि तिच्यात एकही अवघड शब्द राहू नये म्हणून मी सगळी सकाळ खर्ची घातली होती. डेस्कवरच्या ज्येष्ठ संपादिकेने ती वाचली आणि विचारले, "जमीन मुळात हलते कशाने, ते यात कुठे आहे?" ते कुठेच नव्हते. मी शब्द सोपे केले होते, बातमी मात्र अर्धवटच ठेवली होती.

मोठ्यांची बातमी लिहिताना पाहणाऱ्याला मागचे सारे ठाऊक आहे असे धरलेले असते. ही गाळलेली पायरी शोधण्याची सवय नवोदितांनी पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. 'अविश्वास ठराव' हा शब्द टाळण्याचे काहीच कारण नाही. डायनासोरांची लांबलचक नावे बिनचूक सांगणारी मुले तोही लक्षात ठेवतात. मात्र कोणाचा कोणावर विश्वास उरलेला नाही, मतदान कोण करते आणि सरकार हरले तर पुढे काय होते, हे लगोलग सांगायला हवे. भूकंपाची तीव्रता 5 वरून 6 झाली की एकाचाच फरक दिसतो. प्रत्यक्षात जमिनीच्या कंपनांचा आवाका 10 पट आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे 32 पट होते. एवढे एक वाक्य नीट समजावे म्हणून आम्ही स्वतंत्र ग्राफिक केले आणि त्यासाठी दुसरी एक बातमी रनडाऊनमधून, म्हणजे बातम्यांच्या क्रमवार यादीतून, काढली. दोन मिनिटांच्या पॅकेजमध्ये, म्हणजे दृश्ये आणि निवेदन जोडून तयार केलेल्या बातमीत, जेमतेम 200 ते 225 शब्द बसतात, त्यामुळे काय सोडायचे हे ठरवण्यातच बराचसा दिवस जातो.

त्याच बुलेटिनमध्ये एक चूक झाली. कोसळणाऱ्या इमारतीचे फुटेज आमच्याकडे एकच होते आणि ते आम्ही तीनदा वापरले. नंतर एका वर्गात तो भाग दाखवला तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, "तीन इमारती पडल्या, अजून किती पडणार?" लहान मुलांना तेच दृश्य पुन्हा दिसले की ती घटना पुन्हा घडली असे वाटू शकते, हे मला त्या दिवशी समजले. तेव्हापासून असे दृश्य मी एकदाच वापरते, पडद्यावर ठिकाण आणि तारीख लिहिते आणि मदतकार्य करणारी माणसे आवर्जून दाखवते. मात्र 'तुम्हाला काही होणार नाही' असे वचन मी स्क्रिप्टमध्ये कधीच लिहीत नाही, कारण ते देणे आपल्या हातात नसते.

वाईट बातमी मुलांपासून लपवावी, असे सुचवणारे लोक भेटतील. 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर हे अमेरिकेचे अंतराळयान उड्डाणानंतर थोड्याच वेळात हवेतच फुटले. त्यात क्रिस्टा मॅकऑलिफ या शिक्षिका असल्याने अमेरिकेतील अनेक मुले ते उड्डाण वर्गात बसून पाहत होती. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवर ही बातमी सर्वप्रथम दिली ती बीबीसीच्या 'न्यूजराउंड' या 1972 पासून चालू असलेल्या मुलांच्या बातमीपत्राने. मुलांना बातमी कळतेच; ती त्यांना समजेल अशा रीतीने कोणी सांगायची, एवढेच आपल्याला ठरवायचे असते.

चित्रीकरणाबाबत थोडक्यात सांगते. पालकांची लेखी संमती आधी घ्यावी, पण पालकांनी सही केली असली तरी मूल नको म्हणाले तर कॅमेरा बंद करावा. ट्रायपॉड मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा. 'तुला भीती वाटली का?' असे विचारले की उत्तर 'हो' एवढेच येते. 'तेव्हा तू काय करत होतास?' असे विचारले की मूल बोलू लागते.

स्क्रिप्ट सहकाऱ्याला दाखवण्याआधी एखाद्या मुलाला वाचून दाखवावी आणि ती त्याला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावी. तो जिथे अडखळेल तिथे आपले लेखन कच्चे असते. पत्रकारितेची पदवी उपयोगी पडतेच, तथापि शिकवण्याचा थोडासा अनुभव असलेले सहकारी हे काम लवकर आत्मसात करतात, असे मी पाहिले आहे.

मुलांचा सर्वांत चिवट प्रश्न असतो 'पुढे काय झाले?' मोठ्यांचे बुलेटिन दोन दिवसांत दुसऱ्या विषयाकडे वळते. म्हणून आमच्या रनडाऊनमध्ये जुन्या बातमीच्या पाठपुराव्यासाठी एक जागा राखून ठेवलेली असते. त्या भूकंपानंतर महिन्याभराने तिथली शाळा तंबूत पुन्हा भरली, तेव्हा ती बातमी आम्ही पहिल्या क्रमांकावर घेतली.