शेंगदाण्यातलं तेल मोड आल्यावर कुठं जातं? घरीच करून बघा

बारावीला किंवा नीटला फॅट मेटाबोलिझम (म्हणजे शरीरात फॅट कसं फुटतं आणि वापरलं जातं) नुसतं पाठ करून डोक्यात बसत नाही, एकदा हातानं करून बघितलं की बसतं, आणि त्याला लॅब लागत नाही.

सालासकट कच्चे शेंगदाणे घ्या, भाजलेले किंवा खारे नको कारण ते उगवत नाहीत. पाच दाणे कोरडेच बाजूला ठेवा, तेवढ्याच आकाराचे दहा-बारा रात्रभर भिजवा (सगळे उगवतीलच असं नाही म्हणून जास्त), मग ओल्या फडक्यात गुंडाळून अंधारात ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. बुरशी धरलेले दाणे लगेच फेका, चुकूनही खाऊ नका. जरासा मोड दिसला की थांबायचं नाही, आठ-दहा दिवस वाढू द्या, सुरुवातीला तेल फारसं खर्च झालेलं नसतं.

मग चांगल्या वाढलेल्या पाच रोपांची जाड दलं (दाण्याचे दोन अर्धे भाग, तेल त्यांतच असतं) तोडून उन्हात कडकडीत वाळवा. ही पायरी गाळू नका, पाण्याचाही कागदावर डाग पडतो आणि सगळा घोळ होतो. आता कोरडे पाच दाणे आणि ही पाच दाण्यांची दलं वेगवेगळी कुटा, पांढऱ्या कागदात ठेवून वरून लाटणं दाबून फिरवा, चुरा झटका, तासाभरानं कागद उजेडासमोर धरा. कोरड्या दाण्याचा डाग मोठा आणि आरपार दिसणारा, मोडवाल्याचा त्यापेक्षा कमी. तुलना दाणे मोजूनच करायची, वजनावर नाही, कारण उगवताना दलांचं कोरडं वजनही घटतं.

मग तेल गेलं कुठं? दाण्यात ते बारीक थेंबांत साठवलेलं असतं, प्रत्येक थेंबाभोवती ओलिओसिन नावाच्या प्रोटीनचं आवरण, म्हणून थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. उगवताना लायपेज नावाचं एन्झाइम ते तेल फोडून फॅटी ॲसिड मोकळी करतं, ती ग्लायऑक्सिझोममध्ये (पेशीतल्या बारीक पिशव्या) जातात, तिथून ग्लायऑक्सिलेट सायकल नावाच्या रासायनिक क्रियांच्या साखळीतून शेवटी साखर बनते आणि ती साखर फ्लोएममधून (अन्न वाहून नेणाऱ्या नळ्या) मुळाला आणि कोंबाला पोचते. म्हणजे रोप तेल तेल म्हणून पाठवतच नाही! वनस्पतिशास्त्रज्ञ हॅरी बीव्हर्स यांच्या लॅबनं 1967 मध्ये एरंडाच्या बियांमध्येच हे ग्लायऑक्सिझोम दाखवले, पण घरी एरंड घेऊ नका, त्यात रायसिन असतं, ते जीवघेणं विष आहे.

आपल्या शरीरात बरोबर उलटं. या सायकलची आयसोसायट्रेट लायेज आणि मॅलेट सिंथेज ही दोन एन्झाइम आपल्यात नाहीत त्यामुळं फॅटी ॲसिडची साखर करता येत नाही, मग फॅटच हलवावं लागतं, आणि ते रक्तात विरघळत नाही म्हणून आतड्यात त्याचे कायलोमायक्रॉन (प्रोटीनचं आवरण असलेले फॅटचे बारीक गोळे) बनतात, ते आधी लिम्फमध्ये (रक्तवाहिन्यांपेक्षा वेगळ्या नळ्यांतून वाहणारा द्रव) आणि मग रक्तात जातात. तुपकट जेवणानंतर काही तासांनी प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) दुधाळ दिसतो तो ह्यामुळंच. उपाशी असताना चरबीच्या पेशीतून सुटलेली फॅटी ॲसिड अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रोटीनला चिकटून स्नायूंपर्यंत जातात, मेंदूला मात्र ती चालत नाहीत, त्याच्यासाठी लिव्हर फॅटी ॲसिडपासून कीटोन नावाचं पाण्यात विरघळणारं इंधन बनवतं.

आता पेपरात ‘फॅटपासून ग्लुकोज बनतं का’ असं आलं तर आधी बी आहे की प्राणी ते बघा. प्राण्यात बनतं ते मुख्यतः ग्लिसरॉलच्या (फॅट फुटल्यावर फॅटी ॲसिडसोबत सुटणारा भाग) वाटेनं, आणि तेही थोडंच.