हंडियापासून ओंकारेश्वर: शेवटच्या टप्प्यात पाय कसे वाचवले

ओंकारेश्वरहून उचललेली नर्मदा परिक्रमा. मैया सतत उजव्या हाताला. दक्षिण तटावरून समुद्र गाठला, नावेने पलीकडे गेलो, मग उत्तर तटाने अमरकंटक आणि पुन्हा दक्षिण तट. हंडियाला पोचलो तेव्हा समोर नेमावरचा घाट, सिद्धनाथाचं देऊळ, आणि माझ्या डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं.

आधी वाटलं, बूट झिजले. आश्रमातल्या एका वयस्क परिक्रमावासी काकांनी पाय पाहिला आणि म्हणाले, "बूट तोच आहे रे, पाऊल पसरलंय." महिनोन्‌महिने चाललं की पंजा रुंदावतो, संध्याकाळी तर सूजही असते. त्याच रात्री बुटांतला आतला तळ काढला, तेवढी जागा मिळाली. पुढच्या दोन भोकांतून नाडी काढून टाकली, मात्र घोट्यापाशी घट्ट बांधली, म्हणजे टाच जागची हलत नाही आणि अंगठा पुढे आपटत नाही. हरद्याला एक नंबर मोठे बूट घेतले, तेही संध्याकाळी, सुजलेल्या पायांनी मापून.

फोडाची कातडी सोलू नका. जागा गरम लागली की लगेच थांबून चिकटपट्टी लावा.

पुढे इंदिरा सागर धरणाच्या फुगवट्यामुळे वाट काठ सोडून आत वळते. 2004 मध्ये बुडालेलं हरसूद गाव याच पाण्याखाली. तिथे मी चाल रोज पंधरा किलोमीटरवर आणली. ओंकारेश्वर जवळ आलं की पाय आपोआप धावतात, तेव्हाच ते सांभाळायचे असतात. नर्मदे हर!