बाळाच्या जन्मापासून वयात येईपर्यंत आईबाबांनी काय बघायचं आणि कशाला हात लावायचा नाही

मुलगी झाली की पहिल्या आठवड्यात कधीकधी लंगोटात रक्ताचे एकदोन थेंब दिसतात आणि घरात सगळे घाबरतात, पण पोटात असताना आईकडून मिळालेले हार्मोन्स जन्मानंतर एकदम कमी होतात त्यामुळे ते होतं आणि थोड्या दिवसांत आपोआप थांबतं. फक्त पुढून मागे पुसत जा. त्याच हार्मोन्समुळे मुलगा असो की मुलगी, बाळाची छाती सुजून कडक लागू शकते. मालिशवाल्या मावशी म्हणतात ना "दूध काढून टाकते, नाहीतर गाठ राहील", त्यांना प्लीज दाबू देऊ नका, दाबल्याने इन्फेक्शन होऊन पू होऊ शकतो, नुसतं सोडून दिलं तर सूज आपली उतरते.

मुलगा असेल तर अंघोळीनंतर, बाळ गरम असताना आणि आपले हातही गरम करून, खालची पिशवी हलक्या हाताने चाचपून बघा, दोन्ही बाजूंना गोटी, म्हणजे वृषण, लागली पाहिजे (थंड हात लागला की ती वर चढते, मग उगाच धास्ती बसते). एखादी लागत नसेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. ते 6 महिन्यांपर्यंत वाट बघतात, त्यानंतर आपोआप उतरायची शक्यता खूप कमी, म्हणून मुलांच्या सर्जनला दाखवून दीड वर्षाच्या आत ऑपरेशन उरकायचं. "मोठा झाला की उतरेल" असं म्हणणारे घरोघरी असतात, पण उशीर केला तर पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, त्या गोटीत कॅन्सर होण्याचा धोकाही वाढतो. आणि शूच्या जागेची कातडी मागे ओढायची नाही, ती हळूहळू स्वतःच सुटते.

मग बरीच वर्षं काही विशेष नसतं. मुलींमध्ये 8 ते 13 या वर्षांत वयात येण्याची पहिली खूण म्हणजे बहुतेक वेळा छातीत बोराएवढी दुखरी गाठ, ती आधी एकाच बाजूला येते म्हणून आया सोनोग्राफीपर्यंत पोचतात, पण या वयात ते नॉर्मल आहे. तिथून साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते, म्हणजे गाठ दिसली की पाळीबद्दल बोलायला घ्या, दप्तरात दोन पॅड आणि एक निकर ठेवा, पॅड कसं लावायचं ते हातात देऊन दाखवा. सुरुवातीची दोनेक वर्षं पाळी मागेपुढे होतेच. पण 7 दिवसांपेक्षा जास्त चालली किंवा तासा-दोन तासाला पॅड भिजायला लागलं तर दाखवा, हिमोग्लोबिनही तपासा.

मुलांमध्ये हे 9 ते 14 मध्ये सुरू होतं, आधी गोट्या मोठ्या होतात, मिशा आणि आवाज नंतर. काहींची छाती थोडी वर येते आणि पोरगा शर्ट काढायला लाजतो, त्याला सांगा की बहुतेकांचं हे वर्ष-दोन वर्षांत जातं.

मुलीला 8 च्या आत किंवा मुलाला 9 च्या आत खुणा दिसल्या, किंवा मुलीला 13 आणि मुलाला 14 पूर्ण होऊनही काहीच नाही, किंवा 15 पर्यंत पाळी नाही, तर मुलांच्या हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे जा.

आणि मुलाला हे आजच सांगून ठेवा: गोटीत अचानक जोरात दुखलं, उलटी झाली, तर लाजून लपवायचं नाही. गोटीला पीळ पडलेला असू शकतो आणि ती वाचवायला साधारण 6 तासच हातात असतात, त्यामुळे रात्रीचे 2 वाजले असले तरी उठवायचं आणि थेट हॉस्पिटल गाठायचं.