दोन एक्स्टर्नल डिस्क एकत्र जोडल्या की एक दिसेनाशी होते, तेव्हा काय करावे

आमच्या गंगापूर रोडवरील घरी एका डिस्कवर २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावर काढलेली छायाचित्रे होती. ती डिस्क जुनी झाली म्हणून शहरातील एका दुकानातून तिची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर करून घेतली. त्यानंतर दोन्ही डिस्क वेगवेगळ्या जोडल्या की नीट चालत. एकत्र जोडल्या की नंतर जोडलेली डिस्क ‘धिस पीसी’मध्ये दिसतच नसे. प्रत खराब आहे असे समजून दुकानदाराने ती फॉरमॅट करण्याचा सल्ला दिला. तो मानला असता, तर चांगली प्रत विनाकारण पुसली गेली असती. म्हणून सर्वांत आधी कळकळीने सांगतो: कारण समजेपर्यंत ‘फॉरमॅट’ (डिस्क पुसून मोकळी करणे) आणि ‘इनिशियलाइझ’ (डिस्क नवी समजून वापरासाठी तयार करणे) या दोन्ही प्रश्नांना नकारच द्यावा.

तपासणीची सुरुवात डिस्क मॅनेजमेंटपासून, म्हणजे जोडलेल्या सर्व डिस्क दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीपासून करावी. विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर राइट क्लिक केल्यावर येणाऱ्या यादीत ते सापडते. येथे डिस्क दिसते का आणि कोणत्या अवस्थेत दिसते, यावरून पुढची दिशा ठरते.

डिस्कच्या चित्रावर खाली वळलेला लाल बाण आणि शेजारी ‘ऑफलाइन’ असा शब्द दिसला, तर त्या शब्दापाशी माउस न्यावा. तेथे ‘सिग्नेचर कोलिजन’ असे कारण दिसले, तर आमच्या घरी होते तेच तुमच्याकडे आहे. प्रत्येक डिस्कवर विंडोजसाठी एक ओळखक्रमांक लिहिलेला असतो आणि संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत काढताना तो क्रमांकही सोबत उतरू शकतो. एकाच ओळखीच्या दोन डिस्क समोर आल्या, की विंडोज आधी आलेलीला स्वीकारते आणि नंतर आलेलीला ऑफलाइन ठेवते. खात्री करायची असल्यास डिस्कपार्टमध्ये (आज्ञा टाइप करून डिस्क हाताळण्याचा विंडोजमधील प्रोग्राम) ‘लिस्ट डिस्क’ने क्रमांक पाहून, एकेक डिस्क ‘सिलेक्ट’ करून ‘युनिकआयडी डिस्क’ ही आज्ञा द्यावी. दोन्ही उत्तरे सारखी आली, तर शंका उरत नाही.

उपाय सोपा आहे, मात्र क्रम पाळावा. मूळ डिस्क आधी जोडावी आणि प्रत नंतर, म्हणजे बदल प्रतीवर होईल. मग डावीकडील, ‘डिस्क २’ असे लिहिलेल्या राखाडी चौकोनावर राइट क्लिक करून ‘ऑनलाइन’ निवडावे. उजवीकडील विभागाच्या पट्टीवर क्लिक केल्यास हा पर्याय मिळत नाही आणि अनेकजण नेमके तिथेच अडतात. ऑनलाइन करताच विंडोज त्या डिस्कला नवी ओळख देते आणि फाइलींना धक्का लागत नाही. मात्र ती प्रत संगणक सुरू करणाऱ्या, म्हणजे विंडोज असलेल्या डिस्कची असेल, तर ओळख बदलल्यावर तिच्यावरून संगणक सुरू न होण्याची शक्यता असते. अशा वेळी ‘ऑनलाइन’ न करता दोन्ही डिस्क एकत्र जोडणेच टाळावे.

डिस्क ‘हेल्दी’ दिसते, पण तिला सी, डी यांसारखे ओळखीचे अक्षर नाही, असे असल्यास ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’मधून अक्षर द्यावे. ई किंवा एफ ही अक्षरे पेन ड्राइव्हही घेत असल्यामुळे मी एका डिस्कला पी आणि दुसरीला क्यू अशी दूरची अक्षरे दिली आहेत. ‘छायाचित्रे मूळ’ व ‘छायाचित्रे प्रत’ अशी नावेही दिली आहेत आणि तीच कागदावर लिहून डिस्कच्या पाठीवर चिकटवली आहेत. अक्षर बदलल्यावर बॅकअपचा प्रोग्राम कोणत्या अक्षरावर लिहितो, हे अवश्य पाहावे. प्रत चुकीच्या डिस्कवर जाऊ लागली, तर ते महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

डिस्क मॅनेजमेंटमध्येही डिस्क दिसत नसेल, तर प्रथम वीजपुरवठ्याचा संशय घ्यावा. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० आणि ३.० च्या पोर्टमधून ९०० मिलिअँपिअर वीज मिळणे अपेक्षित असते. अडीच इंची डिस्क मोटर फिरू लागताना बरीच वीज ओढते. अ‍ॅडॅप्टर नसलेल्या एकाच हबवर (एका पोर्टला अनेक उपकरणे जोडू देणारी पेटी) दोन डिस्क लावल्या, तर तीच वीज दोघींत वाटली जाते. म्हणून दोन्ही डिस्क डेस्कटॉपच्या मागील पोर्टमध्ये थेट, शक्यतो आखूड केबलने जोडून पाहाव्यात, किंवा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला हब वापरावा. साडेतीन इंची डिस्कला वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो. दोन डिस्कांचे अ‍ॅडॅप्टर अदलाबदल होऊ नयेत म्हणून त्यांच्यावरही चिठ्ठी लावावी, कारण पिन बसली म्हणजे व्होल्टेज जुळले असे नसते.

केबल आणि पोर्ट बदलूनही डिस्कमधून ठरावीक अंतराने ‘टक टक’ असा आवाज येत असेल, तर ती ताबडतोब काढून ठेवावी. चेकडिस्क (डिस्कमधील चुका शोधून दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्राम) चालवू नये, पुन्हा पुन्हा जोडून पाहू नये आणि आतील मजकुराची दुसरी प्रत नसेल, तर ती डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच न्यावी.