जॉर्जटाउन पायी हिंडावे कसे, आणि दिवसभर थोडे थोडे खावे कसे

मलेशियातल्या पेनांग बेटावरचे जॉर्जटाउन हे जुन्या बंदराचे शहर. १७८६ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस लाइटने इथे ठाणे वसवले. मग चिनी, तमिळ, मलय, आर्मेनियन, अरब असे जो तो आपापली चूल घेऊन इथे आला आणि राहिला. २००८ साली मलाक्का शहराबरोबर त्याला युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यातला गाभ्याचा भाग १०९ हेक्टरांचा आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्ध्या तासात चालत जाता येते.

हे शहर एका सकाळीत उरकून पुढे जाणारे प्रवासी मी पुष्कळ पाहिले, आणि मला त्यांच्यासाठी वाईट वाटते. इथे पाहणे आणि खाणे ही दोन वेगळी कामे नाहीत. एखादी गल्ली कोणी वसवली हे पाटीवर वाचण्याआधी तिथल्या ताटलीत कळते. त्यासाठी पाय आणि पोट दोन्ही दिवसभर टिकवावे लागतात. ते कसे, ते सांगतो.

१. घड्याळ समजून घ्या

मलेशियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, पण सूर्य त्या मानाने उशिरा उगवतो. वर्षभर सात ते साडेसातच्या दरम्यान उजाडते आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत उजेड असतो. बारा महिने दमट उकाडा. कोकणातला मे महिना आठवा. सप्टेंबर ते नोव्हेंबर पाऊस जास्त, डिसेंबर ते फेब्रुवारी त्यातल्या त्यात कोरडे.

म्हणून दिवसाचे दोन तुकडे करा. साडेसात ते साडेअकरा पहिला, पाच ते दहा दुसरा. मधला वेळ छपराखाली काढायचा. मुक्काम जुन्या शहरातच घ्या, म्हणजे दुपारी खोलीवर येऊन अंघोळ करून पुन्हा निघता येते. क्वालालंपूरहून बटरवर्थपर्यंत रेल्वेने चारेक तास लागतात, तिथून फेरीबोटीने बेटावर. विमान सोडून मी हाच मार्ग सुचवेन, कारण बंदराचे शहर पाण्यावरून पहिल्यांदा दिसावे.

२. अर्ध्या ताटलीचा नियम पाळा

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. पहिल्या खेपेला मी सकाळीच भाताचे भरलेले ताट घेतले आणि दुपारपर्यंत काही खाववेना, चालवेना. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांत एक ताटली असा नियम केला, आणि रात्रीपर्यंत नऊ ठिकाणी खाल्ले. बहुतेक गाड्यांवर लहान आणि मोठी अशी दोन मापे असतात. लहान मागायची तर ‘कचिल’ म्हणा. दोन ताटल्यांमध्ये निदान वीस मिनिटांचे चालणे हवे.

३. सकाळ कोपीतियाममध्ये सुरू करा

‘कोपी’ म्हणजे मलय भाषेत कॉफी, ‘तियाम’ म्हणजे हॉकियन चिनी भाषेत दुकान. संगमरवरी टेबले, लाकडी खुर्च्या, वर पंखा. मुंबईतल्या जुन्या इराण्याकडे बसलेल्या माणसाला हे चित्र परके वाटणार नाही. पण व्यवहार वेगळा आहे. मालक फक्त पेये विकतो. खाण्याच्या गाड्या आतच मांडलेल्या असतात, पण त्यांचे मालक निराळे. आधी टेबल धरा, त्याचा नंबर असेल तर पाहून ठेवा, मग गाडीपाशी जाऊन पदार्थ सांगा आणि टेबल दाखवा. ताटली आली की त्या माणसाला तिथेच पैसे द्यायचे. पेयवाला टेबलापाशी स्वतः येतो. पेय घेतलेच पाहिजे, कारण जागेचे भाडे त्यातूनच निघते. सुट्ट्या नोटा जवळ ठेवा: एक, पाच, दहा रिंगिटच्या.

कॉफी मागण्याची भाषा पाच मिनिटांत येते. नुसते ‘कोपी’ म्हटले तर कंडेन्स्ड मिल्क घातलेली येते. ‘कोपी-ओ’ म्हणजे काळी, साखर घातलेली. ‘कोपी-ओ कोसोंग’ म्हणजे काळी, बिनसाखरेची. ‘पेंग’ जोडले की बर्फ येतो. बिया भाजताना साखर आणि मार्जरिन घालतात, म्हणून तिला जळक्या कॅरॅमलसारखी चव असते. सोबत काया लावलेला पाव घ्या. काया म्हणजे नारळाचे दूध, अंडी आणि साखर आटवून केलेला मुरंबा.

सकाळीच ‘कुइ’ विकणाराही दिसेल. चिनी व्यापारी आणि स्थानिक बायका यांच्या संसारातून जो पेरानाकान समाज तयार झाला, त्याच्या स्वयंपाकघरातली ही मिठाई. तांदूळ, नारळ आणि पांदान, म्हणजे बासमतीसारखा वास असलेले पान. त्यातला निळा-पांढरा चिकट भाताचा तुकडा जरूर घ्या. तो निळा रंग गोकर्णाच्या फुलांचा असतो, आपल्या कुंपणावर फुलतो त्याच वेलाचा.

४. सावली धरून चाला

जुन्या दुकानघरांच्या पुढे सलग पडवी असते. तिला ‘काकी लिमा’ म्हणतात, म्हणजे पाच फूट. वर माडी, खाली पाच फुटांची वाट, ऊन-पावसात चालणाऱ्यासाठी. रस्ता सोडून याच पडवीतून चाला. मात्र खाली पाहत चाला: दर दुकानाशी पायरीची उंची बदलते, मध्ये स्कूटर उभी असते, कडेला उघडे गटार असते. रस्त्यांच्या नावात ‘लेबुह’ म्हणजे मार्ग, ‘जालान’ म्हणजे रस्ता, ‘लोरोंग’ म्हणजे बोळ.

सुरुवात जालान मस्जिद कपितान केलिंग या रस्त्याच्या उत्तरेकडून करा. १८१८ सालचे सेंट जॉर्ज चर्च, पुढे धुपाच्या धुरात बुडालेले क्वान यिन देवीचे देऊळ, मग १८३३ सालचे श्री महामारियम्मन मंदिर (त्याचे दार मागच्या लेबुह क्वीनवर आहे), आणि शेवटी १८०१ साली दक्षिण भारतातून आलेल्या मुसलमानांनी बांधलेली कपितान केलिंग मशीद. हे सगळे एकाच रस्त्याच्या आधाराने, किलोमीटरभराच्या आत. नुसते पाहत गेलात तर वीस मिनिटे लागतील. मी म्हणेन, क्वान यिनच्या अंगणात एका बाजूला उभे राहून लोक उदबत्त्या कशा ओवाळतात ते पाहा.

मंदिराच्या आसपासचा भाग म्हणजे लिटल इंडिया. इथे सायकलवर किंवा गाडीवर ‘पुतू मायम’ मिळाले तर सोडू नका. तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, वर ओले खोबरे आणि गूळ. मालवणकडच्या माणसाला शिरवाळ्यांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही, फक्त नारळाच्या रसाची वाटी इथे नाही.

तिथून लेबुह आर्मेनियनला या. २०१२ साली अर्नेस्ट झाखारेविच या लिथुआनियन चित्रकाराने इथल्या भिंतींवर चित्रे काढली. खरी सायकल भिंतीला टेकवून तिच्यावर रंगवलेली दोन मुले आहेत ते सर्वांत प्रसिद्ध. फोटोसाठी रांग असते. रांगेत उभे राहू नका. नकाशा घेऊन चित्रे शोधत फिरण्यातही सकाळ घालवू नका, चालता चालता ती आपोआप भेटतात.

त्याऐवजी तो वेळ जवळच्या खू कोंगसीला द्या. खू आडनावाच्या कुळाची ही सभागृहवजा देवळी १९०६ साली पुरी झाली. आधीची इमारत १९०१ साली जळाली. ती इतकी थाटाची होती की देवांना खपली नाही, म्हणून नवी जरा बेताने बांधली, असे सांगतात. ती बेताची इमारत पाहून आधीची काय असेल असे वाटते. तिकीट आहे, आणि ते वसूल होते.

५. दुपारी थंड खा, मग थांबा

अकराच्या सुमाराला पेनांग रोडजवळच्या लेबुह केंग क्वीवर ‘चेंदोल’ खा. पांदान घातलेल्या हिरव्या शेवया, उकडलेला राजमा, किसलेला बर्फ, नारळाचे दूध, आणि वरून ‘गुला मलाका’ची धार. गुला म्हणजे आपलाच गूळ, दोन्ही शब्द संस्कृत ‘गुड’वरून आलेले. आणि गुला मलाका हा ताडामाडाच्या रसाचा गूळ, गोव्या-कोकणात माडाचा गूळ करतात तसा. तीच धुरकट, खोल गोडी. बर्फ वितळायच्या आत उभ्याउभ्याच खायचा असतो.

जायफळाचा रसही याच वेळी प्यावा. जायफळाच्या फळाचा बाहेरचा गर, ज्याचे कोकणात लोणचे घालतात, त्याचे हे सरबत. गोड, किंचित तुरट, नाकात वास भरणारे.

नंतर खोलीवर जा, किंवा लेबुह लेथवरची निळी हवेली पाहा. चिओंग फात्त झे या धनिकाचा हा वाडा. मार्गदर्शकासह फेरी असते आणि मधल्या चौकात पावसाचे पाणी कसे उतरते ते पाहण्यासारखे आहे.

६. शाकाहारी असाल तर

‘भाजीच आहे’ एवढ्यावर विसंबू नका. चिनी गाडीवर डुकराची चरबी आणि मलय स्वयंपाकात बलाचान हे दोन्ही दिसत नाहीत. बलाचान म्हणजे जवळ्यासारख्या बारीक कोळंबीची आंबवलेली वडी. ‘साया तक माकान दागिंग, इकान, उदांग’ हे वाक्य पाठ करा: मी मांस, मासे, कोळंबी खात नाही. अंडे नको असेल तर ‘तेलुर’ जोडा.

लिटल इंडियात केळीच्या पानावरचे जेवण आणि डोसा कधीही मिळतो. त्याहून रंजक म्हणजे बौद्ध परंपरेची चिनी शाकाहारी खानावळ. तिथे मांस तर नाहीच, परंपरा कडक पाळणाऱ्यांकडे कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन प्रवाशांची मोठी सोय होते. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अशा ठिकाणी गर्दी असते. चिनी नवव्या महिन्यातले पहिले नऊ दिवस तर नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो, गाड्यांवर पिवळे झेंडे लागतात आणि शहराचा बराच भाग शाकाहारी होतो. अनेक वर्षी हे दिवस आपल्या नवरात्रातच पडतात. २०२४ साली दोन्ही ३ ऑक्टोबरलाच सुरू झाले होते.

७. संध्याकाळी आधी पाणी, मग जाळ

पाचच्या सुमाराला वेल्ड की भागातल्या धक्क्यांवर जा. लाकडी खांबांवर, समुद्राच्या वर बांधलेल्या या वस्त्या, एकेका चिनी आडनावाची एकेक. पाण्यावर असल्यामुळे जमिनीची पट्टी त्यांना लागू नव्हती. च्यू लोकांचा धक्का सर्वांत मोठा. फळ्यांवरून टोकापर्यंत जा, पण ही राहती घरे आहेत. दारातून आत कॅमेरा धरू नका, आवाज खाली ठेवा, घराबाहेरचा देव्हारा दिसला तर बाजूने जा.

अंधार पडला की लेबुह चुलिया, किंबर्ली स्ट्रीट किंवा लोरोंग बारू यांपैकी एकच निवडा. आणि आधी चौकशी करा, कारण प्रत्येक गाडीची सुट्टी वेगळ्या वारी असते.

मासे खाणाऱ्यांनी ‘आसाम लक्सा’ आधी घ्यावा. आसाम म्हणजे आंबट. चिंचेचा कोळ, कुस्करलेला बांगडा, तांदळाच्या जाड शेवया, पुदिना, अननस, आणि चमच्यावर कोळंबीचा काळा दाट अर्क. हा बांगडा आपल्याच जातीचा, तिथे त्याला ‘केंबुंग’ म्हणतात. आपल्याकडे तिरफळ असते त्या जागी इथे आल्याच्या कुळातल्या एका फुलाची कळी. पहिला घोट परका वाटतो, तिसऱ्याला तुम्ही वाटी तिरकी करता.

मग ‘चार क्वे तियाओ’. तांदळाच्या चपट्या पट्ट्या, कोळंबी, शिंपल्या, अंडे, मोड, सगळे भडक्या जाळावर. चांगला माणूस एका वेळी एकच ताटली परततो, म्हणून थांबावे लागते. घाई करायला सांगू नका. डुकराची चरबी चालत नसेल तर आधीच विचारा.

पोटात जागा उरली तर ‘नासी कांदार’चा नुसता वास घेऊन उद्याची वेळ ठरवा. तमिळ मुसलमान भातवाले कांदार, म्हणजे कावड, खांद्यावर घेऊन बंदरातल्या हमालांना जेवण पुरवत. ‘बंजिर’ म्हणालात तर चार-पाच रश्शांचा पूर आणतात. मोठी कोळंबी किंवा माशाचे डोके निवडण्याआधी भाव विचारा, कारण तिथे ताट पाहूनच पैसे सांगतात. हे ताट मात्र अर्धे मागू नका. ते दुसऱ्या दिवशी दुपारी, सकाळी फक्त कोपी-ओ घेऊन, पूर्ण खायचे.